वतनाला निवृत्ती नव्हती

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय 58 वरून 60 करा, ही मागणी कर्मचारी संघटनांच्या पत्रकांत कित्येक वर्षे ठाण मांडून आहे. केंद्राने 1998 सालीच 60 केले, मग आमच्याच वाट्याला 58 का, असा त्यामागचा सवाल. आपले नोकरदार बांधवही या मोर्चांत असतात. आणि बीडच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर तोच मोर्चा पाहत उभा असलेला, भरतीच्या जाहिरातीची वाट पाहून थकलेला पोरगाही आपलाच असतो. आंबेडकरी चळवळीने यात कोणाची बाजू घ्यायची? आधी आपल्या माणसाच्या म्हातारपणाचा इतिहास बघू.

वतनाला निवृत्ती नव्हती. सरकारी टपाल पोहोचवणे, सांगावे नेणे, मेलेली जनावरे ओढणे, आलेल्या अंमलदाराची बडदास्त ठेवणे, ही कामे दिवसाला किती तास, हेही ठरलेले नव्हते, तर वयाच्या कितव्या वर्षापर्यंत हे कोण ठरवणार? बाप थकला की पोरगा उभा राहायचा. मोबदला म्हणजे तुकडाभर जमीन आणि बलुते. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा कामाचे स्वरूप आणि मोबदला ठरवून द्या, हाच त्यांचा आग्रह होता. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण गावकीची रीत सरहद्द पाहून बदलत नव्हती.

पेन्शन आपल्या घरात पहिल्यांदा आली ती पलटणीतून. गोपाळबाबा वलंगकर 1886 साली लष्करातून निवृत्त झाले आणि त्यानंतर लेखणी घेऊन अस्पृश्यतेवर तुटून पडले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन दापोलीला आले, जिथे महार पेन्शनरांची वस्तीच होती. या माणसांना दरमहा गावच्या पाटलापुढे हात पसरावा लागत नव्हता. म्हणून ते पाटलाविरुद्ध, भटशाहीविरुद्ध बोलू शकले. आपल्या चळवळीच्या आरंभीच्या पिढीत इतके पेन्शनर का सापडतात, याचे कारण आम्हाला यातच दिसते. 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. भरती बंद म्हणजे पुढच्या पिढीची पेन्शनही बंद, हे त्या माणसाला नीट कळले होते.

बाबासाहेबांनी 1943 साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी 8.33 टक्के जागा राखून घेतल्या. मराठवाड्यापुरते बोलायचे तर खरे दार उघडले ते 1950 साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा. तिथे शिकलेली आपली माणसे पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षक, तलाठी, कारकून झाली. आज बीडमध्ये विहाराचे बांधकाम असो, जयंतीची वर्गणी असो की अत्याचाराच्या खटल्यात वकिलाची फी, पहिली पावती बहुधा एखाद्या निवृत्त गुरुजींच्या नावावर फाटते. (या पिढीतल्या अनेकांचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. त्याच तारखेने त्यांना 31 मे रोजी घरी पाठवले. जन्म कोणत्याही महिन्यातला असो!)

हे वय काही दगडावरची रेघ नाही. केंद्रात ते 55 होते, 1962 साली 58 झाले, 1998 साली 60. महाराष्ट्रात गट अ, ब, क साठी 58, आणि शिपाई-सफाई कामगारांच्या गट ड साठी 60. म्हणजे आपली माणसे जिथे सर्वात जास्त होती तिथे 60 आधीच होते. फक्त आता त्या जागा भरायच्याऐवजी ठेकेदाराला दिल्या जातात.

आता गणित करू. 2016 पासून राज्याच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही कमाल वयोमर्यादा आहे. ही सवलत आपल्याला हवीच होती, पण तिचा अर्थही समजून घ्या. अनुशेष भरला जात नाही, परीक्षा लांबतात, निकाल न्यायालयात अडकतात, आणि पोरगा चाळिशीत नोकरीला लागतो. चाळिसाव्या वर्षी लागला तर 58 ला त्याची सेवा 18 वर्षे, 60 ला 20 वर्षे. जुन्या नियमात 10 वर्षांवर पेन्शनचा हक्क होता आणि 20 वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेऊन लगेच पेन्शन मिळे. केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत, जी ऑगस्ट 2024 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने स्वीकारली, निम्म्या पगाराइतक्या पेन्शनसाठी 25 वर्षे लागतात. शिवाय केंद्राच्या नियमात स्वेच्छेने लवकर बाहेर पडणाऱ्याला पेन्शन सुरू होते ती नियत वय गाठल्यावरच. म्हणजे कागदावर निवृत्तीचे वय न वाढवताही लवकर निवृत्त होण्याचे वय वाढवून ठेवले. वयाच्या 33 नंतर नोकरीला लागलेल्याची 58 पर्यंत 25 वर्षे भरूच शकत नाहीत. उशिरा लागणारे कोण, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून 60 ची मागणी करणारा आपला कर्मचारी स्वार्थी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. उशिरा लागलेल्याला ती दोन वर्षे खरोखर हवी आहेत. पण सगळ्यांनाच दोन वर्षे दिली की दोन वर्षे एकही जागा निवृत्तीने रिकामी होणार नाही. वरच्या पदांवर कोण बसले आहे? 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतल्या आरक्षित जागाही सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. त्यानंतर वरच्या खुर्चीतली ही दोन वर्षे बहुतेक कोणाच्या पदरात पडणार, हे वेगळे सांगायला नको.

1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. 14 मार्च 2023 पासून सात दिवस संप झाला, तेव्हा बीडमध्येही कचेऱ्या ओस पडल्या होत्या. संप न्याय्य होता. पण त्याच दिवसांत जिल्ह्यातली हजारो जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या फडात होती, त्यांचा उल्लेख कोणत्या भाषणात झाला? त्यांना मुकादमाची उचल असते, पेन्शन नसते. पंचविशी-तिशीतल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याची प्रकरणे 2019 साली गाजली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शरीर चाळिशीतच निवृत्त होते. सरकारी मदत मात्र श्रावणबाळ योजनेत 65 पूर्ण झाल्यावर, महिना 1500 रुपये. आम्ही तहसीलमध्ये हे अर्ज भरून देतो. तिथे अडते ते वयाच्या दाखल्यावर. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईकडे शाळेचा दाखला कुठून येणार? मतदार यादीत एक वय, आधारवर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. कारकुनाला त्यातले सर्वात कमी असलेलेच पटते.

तेव्हा कर्मचारी संघटनांतल्या आपल्या प्रतिनिधींकडे आमचे मागणे असे. 60 च्या ठरावावर सही करण्याआधी त्याच ठरावात राखीव जागांचा अनुशेष भरण्याची तारीख घाला. चाळिशीच्या आसपास लागलेल्यांसाठी पूर्ण पेन्शनची सेवा-अट 20 वर्षांवर आणा, म्हणजे त्यांना 60 ची गरजच निम्मी होईल. 20 वर्षांनंतर स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्याला पेन्शन त्याच महिन्यापासून मिळावी. आणि ऊसतोड कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचे वय 50 असावे, ही मागणी पत्रकाच्या तळाशी छोट्या टायपात न छापता पहिल्या पानावर घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला आम्ही हा मसुदा घेऊन येतो आहोत. कोणत्या संघटनेने सही केली आणि कोणी केली नाही, ते इथेच छापू.