आमच्या फियाटमधली एकोणचाळीस मिनिटं

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. घरच्यांना यातली अर्धी गोष्ट माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगते.

आमची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी अजून चालते. (मुलुंडच्या बाहेर फारशी जात नाही, पण चालते.) गेल्या दिवाळीत आमचा भाचा जर्मनीहून आला, तेव्हा त्याने एक छोटं घड्याळ आणलं. "मामी, याला कधी हात लावायचा नाही. रात्री ते आपलं आपण रेडिओ ऐकतं आणि वेळ बरोबर करून घेतं." झालं! हे गाडीत बसवायचं, असं ह्यांच्या डोक्यात लगेच शिरलं. फियाटचं घड्याळ बंद पडून कित्येक वर्षं झाली होती. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि घड्याळ चालतं एका पेन्सिल सेलवर, दीड व्होल्टवर. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. त्याने व्होल्ट कमी करणारं एक छोटं सर्किट करून दिलं, डॅशबोर्डमध्ये घड्याळ नीट बसवलं. दिसायला सुरेख. पण पडद्यावर मनोऱ्याचं एक चिन्ह आहे, ते नुसतं उघडमीट करत राहिलं. दोन रात्री गाडी उघड्यावर ठेवली, तरी तेच.

शेवटी विद्यार्थ्याने समजावलं. फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेन नावाच्या गावी डीसीएफ ७७ हे केंद्र आहे. १९५९ पासून ते ७७.५ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करतं, आणि १९७३ पासून त्यात तारीख-वेळेची सांकेतिक भाषाही असते. दर सेकंदाला एक खूण. खूण एक दशांश सेकंदाची असली तर शून्य, दोन दशांशाची असली तर एक. मिनिटभर ऐकलं की पूर्ण वेळ कळते. पण हा आवाज पोचतो साधारण दोन हजार किलोमीटर, आणि मुंबई तिथून सहा हजारांच्या वर! "आणि बाई, जर्मनीत असती तरी या गाडीत कठीणच होतं. पत्र्याची बॉडी, त्यात प्लगच्या ठिणग्यांची खरखर. इंजिन बंद करूनच ऐकावं लागलं असतं." इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन या देशांत अशी केंद्रं आहेत, आपल्याकडे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं एटीए नावाचं केंद्र लघुलहरींवर वेळ सांगत असे, तेही बंद झालं.

म्हणजे आमचं घड्याळ मुंबईत बसून परक्या गावाची वेळ ऐकायला कान लावून होतं. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मला यात वेगळंच काही दिसलं. परक्या गावाच्या वेळेवरून मुंबईने केवढी भांडणं केली आहेत!

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्याची. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढे रेल्वेचं जाळं देशभर पसरलं, तेव्हा सगळ्यांसाठी एकच वेळ हवी म्हणून मद्रासची धरली. म्हणजे तेव्हाच्या घाटकोपर-मुलुंडच्या माणसाला दोन वेळा सांभाळाव्या लागत. स्टेशनात एक, आणि गाडीतून उतरून शहरात शिरला की अर्धा तास मागची दुसरी. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवरही लादून पाहिली. एवढा विरोध झाला की दोन-तीन वर्षांत ती गुंडाळावी लागली.

मग आली प्रमाणवेळ, १ जानेवारी १९०६ पासून. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढे. नुकतीच बंगालची फाळणी झालेली, कर्झनच्या सरकारवर लोक आधीच चिडलेले. महापालिकेने मुंबईचीच वेळ पाळायचं ठरवलं, आणि फिरोजशहा मेहतांसारखे नेते त्या बाजूचे होते. आम्ही शाळेत हे शिकवताना (शिकवलंच तर) स्वाभिमानाची गोष्ट म्हणून शिकवत असू.

पण मला गिरणी कामगारांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याच जानेवारीत काही हजार कामगारांनी काम नाकारलं, गिरणीच्या घड्याळावर दगड मारले. त्यांचं म्हणणं साधं असणार. घड्याळ पुढे गेलं, सूर्य आहे तिथेच आहे, म्हणजे आम्ही आणखी अंधारात उठायचं. दगड मारणारे अडाणी, असं मीही एकेकाळी म्हटलं असतं.

आता म्हणत नाही. कारण मी स्वतः कितीतरी वर्षं सकाळच्या शाळेत सात वाजता घंटा झाल्यावर वर्गात शिरलेली आहे. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. ट्यूबलाइट लावून हजेरी घ्यायची आणि पहिल्या बाकावरची मुलं पेंगत असायची. उशिरा येणाऱ्यांना मी बाहेर उभं करत असे. वक्तशीरपणा शिकवतेय अशी माझी समजूत. मुंबईच्या वेळेने तेव्हा सहा वाजून एकवीस मिनिटं झालेली असत! सूर्याच्या हिशेबाने ती मुलं उशिरा आलेलीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं काढलं, तेव्हा घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र दाराबाहेर उभी केलेली मुलं आठवली. त्यातली काही आज पन्नाशीच्या पुढे असतील.

महापालिकेचा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला. मध्ये युद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे होती. माझे वडील सांगायचे, कुणी पाच वाजता बोलावलं की आधी विचारायचं, "कुठल्या पाचला?"

असो. गाडीचं काय झालं ते राहिलंच. जर्मन घड्याळ आता टेबलावर आहे, हाताने लावून. गाडीत विद्यार्थ्याने उपग्रहांकडून वेळ घेणारा जीपीएसचा तुकडा बसवला. उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. गंमत म्हणजे ती आपल्या वेळेच्या १८ सेकंद पुढे चालतात, ती वजाबाकी यंत्र स्वतः करतं. साडेपाच तास मात्र आपण मिळवायचे.

तो तेच लिहीत होता. मी म्हटलं, "खाली अजून एक ओळ होईल का रे? तिच्यात चार तास एक्कावन्न मिनिटं मिळव."

"बाई, ही कुठली वेळ?"

"मुंबईची."

ह्यांनी कपाळाला हात लावला, पण त्याने करून दिलं. एप्रिलच्या मध्याला आम्ही पाच रस्त्याला सिग्नलला थांबलो होतो. वरच्या ओळीत १२:३९, खालच्या ओळीत १२:००. खिडकीतून बघितलं तर फूटपाथवरच्या शहाळेवाल्याची सावली जेमतेम त्याच्या पायापाशी होती.