फोनवर ‘कनेक्टेड’ दिसतं, पण नेट चालत नाही? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. तेव्हापासून दहावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या शिक्षकांच्या फोनला उसंत नसते. अशाच एका दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा फोन आला. “मॅडम, अम्मीच्या मोबाइलवर वाय-फायची खूण दिसते, पण फॉर्मचं पान उघडतच नाही.” मी काही सांगायच्या आत तिच्या भावाने फोन उचलून दुकानात नेला होता. दुकानदाराने “सॉफ्टवेअर गेलंय” म्हणत पूर्ण फोन रीसेट करून दिला. बॅकअप कुणी घेतलेला नव्हता. घरातले फोटो गेले. इंतकाल होण्याआधी दादांनी नातवंडांना पाठवलेले व्हॉइस मेसेजही गेले. आणि घरी आल्यावर नेट? ते तसंच बंद. कारण गल्लीत खोदकाम चाललं होतं आणि फायबरची वायरच तुटली होती. फोनला काही झालेलंच नव्हतं.

हा लेख त्या घरासाठी उशिराचा आहे. पण बहुतेक घरी कधी ना कधी हा मसला येतो, आणि दिवसा घरात असलेल्या बायकांना “शाम को कोई आएगा तो देखेगा” म्हणत थांबावं लागतं. थांबायची गरज नाही. मी विज्ञान शिकवते, मोबाइल दुरुस्त करत नाही. तरी यातली बहुतेक कामं घरातल्या घरात होतात.

दोन मिनिटांची तपासणी

आपल्या शहरात नळाला पाणी आलं नाही तर कुणी नळ बदलायला घेत नाही. आधी शेजारी विचारतो, “तुमच्याकडे आलं का?” वाय-फायचंही तेच. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय हा फोन आणि घरातला डबा, म्हणजे राउटर, यांच्यातला शेवटचा तुकडा. त्याच्या मागे कंपनीची लाइन आहे, त्याच्याही मागे ती वेबसाइट. मलिक अंबरने शहरात नहर आणली तेव्हा वाटेत ठिकठिकाणी बंबे उभारले होते. पाणी कुठल्या बंब्यापर्यंत येतंय हे पाहिलं की अडथळा कुठे आहे ते कळतं. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे.

एक, त्याच वाय-फायवर घरातला दुसरा फोन लावून बघा. दोन, बिघडलेला वाटणारा फोन कुणाच्या तरी हॉटस्पॉटवर लावून बघा. दोन्ही फोनवर नेट नसेल तर दोष राउटरचा किंवा लाइनचा आहे. फोनच्या सेटिंगला हातही लावू नका. फक्त एकाच फोनवर बंद असेल आणि तो हॉटस्पॉटवरही चालत नसेल, तर दोष फोनमध्ये. हॉटस्पॉटवर चालतो पण घरच्या वाय-फायवर नाही, तर त्या दोघांचं आपसात जमत नाहीये, आणि ते बहुतेक वेळा पासवर्डने किंवा सेटिंगने जमतं. सगळं चालतं, फक्त एकच वेबसाइट उघडत नाही? मग ती वेबसाइटच गर्दीने दमलेली आहे. शेवटच्या तारखेला लाखो मुलं एकदम आली की असं होतं. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा.

‘कनेक्टेड’ आहे, पण ‘नो इंटरनेट’

हा सर्वात नेहमीचा प्रकार. याचा अर्थ फोन राउटरपर्यंत पोचला, पण राउटरच्या मागे पाणी नाही. आता राउटरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ असं लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ असं लिहिलेला दिवा लाल दिसत असेल तर प्रकाशाचा सिग्नल घरापर्यंत येतच नाहीये. फायबरमध्ये वीज नाही, प्रकाश धावतो. केसाएवढी बारीक काच असते ती. दारात चिमटली, कपाटामागे जास्त वाकली तरी प्रकाश अडतो. नव्या पाणी योजनेच्या पाइपांसाठी रस्ते खोदले गेले, घरांची बांधकामं चालू असतात, वायरी खांबावरून खांबावर लोंबतात. लाल दिवा दिसला की वायर कुठे वाकली आहे का ते बघा, टोक नीट बसलंय का बघा, पण ते ओढून काढू नका. कंपनीला फोन करा.

दिवे ठीक आहेत तरी नेट नाही, तर आधी रिचार्ज संपला का ते विचारा. हसू नका, मीच एकदा अर्धा तास घालवलाय. मुदत संपली तरी वाय-फायची खूण दिसतच राहते, कारण राउटर चालूच असतो.

तेही ठीक असेल तर बंद-चालू. पण नीट करा. बटण खटखट दाबून लगेच चालू करण्याने उपयोग होत नाही. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी फायबरचा डबा लावा, दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर. दोन-तीन मिनिटं इत्मीनानने थांबा. लाइट जाऊन आल्यावर नेट बंद पडतं त्याचं कारणही बऱ्याचदा हेच, दोन्ही डबे एकदम उठतात आणि राउटर लाइन तयार होण्याआधीच धावायला लागतो. इन्व्हर्टरवर लावताना दोन्ही डबे लावा. एकच लावून उपयोग नाही. आणि अडॅप्टर बदलताना जुन्याच व्होल्टचा घ्या. पिन बसते म्हणून कुठलाही लावला तर राउटर जळू शकतो.

पासवर्ड बरोबर आहे, तरी लागत नाही

आपल्या घरांमध्ये याचं एक खास कारण सापडतं, जे कुठल्याही इंग्रजी माहितीपत्रकात मिळणार नाही. फोनचा कीबोर्ड उर्दूवर किंवा मराठीवर असेल तर आकडेही उर्दू किंवा मराठी उमटू शकतात. आपल्या डोळ्यांना एक-दोन-तीन म्हणजे एक-दोन-तीनच, पण राउटरसाठी ती पूर्ण वेगळी अक्षरं. पासवर्डच्या रकान्याशेजारचं डोळ्याचं चित्र दाबा, काय टाइप झालंय ते दिसेल. कीबोर्ड इंग्रजीवर आणा. मोठी आणि छोटी लिपी, शून्य आणि ‘ओ’, एक आणि छोटा ‘एल’ यांत गोंधळ होतो. शेवटी नकळत पडलेली मोकळी जागाही चालत नाही. पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा असतो. त्याहून कमी असतील तर तुम्हाला सांगणाऱ्याने काहीतरी गाळलंय.

तरी नाही लागलं तर वाय-फायच्या नावावर जाऊन ‘फरगेट’ किंवा ‘विसरा’ निवडा आणि नव्याने जोडा. त्याआधी पासवर्ड हाताशी ठेवा. कुणाला आठवत नसेल तर राउटरच्या खालचं स्टिकर वाचा, कुणी बदललेला नसेल तर तोच चालतो. किंवा घरात ज्या फोनवर नेट चालू आहे त्यातून शेअर करा. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये वाय-फायच्या नावाखाली क्यूआर कोड निघतो, दुसऱ्या फोनने तो स्कॅन केला की काम झालं, टाइप करायची झंझटच नाही.

नवा राउटर आणल्यावर फक्त दादीचा जुना फोन लागत नाही, असंही होतं. नव्या राउटरची सुरक्षा ‘डब्ल्यूपीए ३’ वर असते आणि जुना फोन ती भाषा जाणत नाही. राउटर बसवणाऱ्याला ‘डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र’ ठेवायला सांगा. ‘सुरक्षा काढून टाकतो’ असं म्हणाला तर नकार द्या. बिनपासवर्डचं वाय-फाय म्हणजे सताड उघडं दार.

‘आयपी पत्ता मिळवत आहे’ इथेच फोन अडकून बसला तर राउटरकडे द्यायला पत्ता उरला नसावा. ईदच्या दिवशी हे हमखास होतं. पाहुणे, त्यांची मुलं, प्रत्येकाचा फोन, त्यात टीव्ही. काही फोन सोडवा आणि राउटर बंद-चालू करा. कधीकाळी कुणी फोनमध्ये हाताने ‘स्टॅटिक’ पत्ता भरून ठेवलेला असेल तर तो ‘डीएचसीपी’ वर आणा.

बैठकीत चालतं, आतल्या खोलीत नाही

किराडपुऱ्यातलं नवं स्लॅबचं घर आणि शहागंजकडचं जुनं दगड-चुन्याचं घर, दोन्हीकडे एकच राउटर सारखा चालणार नाही. बहुतेक नवे राउटर दोन लहरींवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सावकाश, पण भिंतींतून बरीच पुढे जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण एक जाड भिंत आली की थकते. म्हणून आतल्या खोलीत २.४ वर जोडा आणि राउटरजवळ ५ वर. राउटरच्या नावापुढे ‘५जी’ दिसतं ते याच लहरीचं. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. स्वस्त किंवा जुन्या फोनमध्ये ५ गिगाहर्ट्झ नसतंच, त्यामुळे त्यांना ते नाव यादीत दिसत नाही. फोन खराब नाही.

राउटर कुठे ठेवलाय ते बघा. बहुतेक घरांत तो टीव्हीमागे, नाहीतर लोखंडी कपाटाच्या आडोशाला असतो, “दिसायला बरं नाही” म्हणून. लोखंड, मोठा आरसा, पाण्याची टाकी, सगळी सिग्नल अडवतात. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ ची लहर गडबडते. दाट वस्तीत अजून एक भानगड आहे, शेजारच्या दहा घरांचे राउटर एकाच वाटेने बोलतात. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल ‘ऑटो’ असेल आणि संध्याकाळी वेग पडत असेल, तर या तिघांपैकी एकेक लावून बघा.

दोष फोनचाच असेल तर

एअरप्लेन मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करा. मग फोन रीस्टार्ट. मग तारीख-वेळ बघा. बॅटरी पार उतरून फोन बंद पडला की कधी तारीख मागे जाते, आणि मग प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत दार लावते. तारीख ‘ऑटोमॅटिक’ वर ठेवा. मुलांनी गेमसाठी व्हीपीएन टाकलेलं असेल तर बंद करा. ‘प्रायव्हेट डीएनएस’ मध्ये काही भरलं असेल तर ‘ऑटोमॅटिक’ करा. बॅटरी सेव्हरही वाय-फायला मधेच झोपवतो.

एवढ्याने झालं नाही तर शेवटचा घरगुती उपाय, ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रीसेट पर्याय. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, जनरल मॅनेजमेंट, रीसेट. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट, मग रीसेट. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. याने साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. फोटो, मेसेज, नंबर जात नाहीत. त्याच पानावर खाली ‘फॅक्टरी रीसेट’ किंवा ‘सर्व डेटा पुसून टाका’ असतं. ते दाबू नका, आणि बॅकअप घेतल्याशिवाय दुकानदाराला दाबू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते आजच बघून ठेवा.

वाय-फायचं बटणच करडं पडलं असेल, दाबलं तरी चालू होत नसेल, आणि फोन नुकताच पडला किंवा भिजला असेल, तर आतला भाग गेलाय. तेव्हा दुकान.

जे वाय-फायचं दुखणं नाहीच

अब्बू दुबईत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज लागत नाही, म्हणून इथे राउटर बदलणारी घरं मी पाहिली आहेत. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल तिथल्या नियमांमुळे साधारणपणे चालत नाहीत. मेसेज जातात, कॉल नाही. तिथे परवानगी असलेलं बोटिमसारखं अ‍ॅप दोन्हीकडे टाका.

रेल्वे स्टेशनवर रेलवायरचं वाय-फाय जोडलं तरी नेट येत नाही, कारण आधी ब्राउझरमध्ये पान उघडून मोबाइल नंबर आणि ओटीपी भरावा लागतो. पान येत नसेल तर व्हीपीएन बंद करा. अशा ठिकाणी बँकेचं काम करू नका.

आणि “तुमचं नेट दुरुस्त करतो, हे अ‍ॅप टाका” असा स्वतःहून आलेला फोन ठेवून द्या. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकलं की समोरच्याला तुमचे ओटीपी दिसतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

लाइन येईपर्यंत

कंपनीला तक्रार करताना “नेट नहीं चल रहा” एवढंच सांगू नका. कधीपासून बंद आहे, कोणता दिवा लाल आहे, किती फोनवर बंद आहे, हे सांगा. दिव्यांचा फोटो काढून ठेवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

तोवर हॉटस्पॉट. देणाऱ्याच्या फोनमध्ये हॉटस्पॉटची लहर २.४ ठेवा, नाहीतर जुन्या फोनला तो दिसत नाही. आयफोनमध्ये यासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करतात. व्हिडिओ बंद ठेवले तर फॉर्म भरायला फारच थोडा डेटा लागतो. त्या मुलीनेही शेवटी मामूच्या हॉटस्पॉटवर, रात्री साडेअकराला, कागदपत्रं अपलोड केली. लाइन तिसऱ्या दिवशी आली.