आधुनिक भारतीय चित्रकलेतील नग्न पुरुषदेह : सूझा ते भूपेन खख्खर

प्रस्तावना
भारतीय कलापरंपरेला नग्न पुरुषदेह अपरिचित नाही. श्रवणबेळगोळ येथील दहाव्या शतकातील गोमटेश्वराची मूर्ती दिगंबर आहे. तिची नग्नता वैराग्याची असल्याने ती वंदनीय ठरते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९१९ नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत नग्न मॉडेलवरून रेखाटनाचे वर्ग भरू लागले, तेव्हा हाच देह शरीररचनेच्या अभ्यासाचे साधन झाला. मात्र या दोन्ही ठिकाणी तो कोणा एका सामान्य माणसाचा, त्याच्या लज्जेसह व वासनेसह चितारलेला देह नव्हता. तसा तो होताच वादाचा विषय बनला.

सूझा यांचे आत्मचित्र
गोव्यातील साळगाव येथे १९२४ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा हे १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे एक संस्थापक. १९४९ मध्ये मुंबईतील प्रदर्शनात त्यांचे पूर्णाकृती नग्न आत्मचित्र अश्लील ठरविले गेले. येथे मॉडेल अनामिक नव्हते. चित्रकाराने स्वतःलाच विवस्त्र उभे केले होते. त्याच वर्षी सूझा लंडनला गेले.

खख्खर यांचा सामान्य माणूस
मुंबईत जन्मलेले आणि बडोद्यात स्थायिक झालेले भूपेन खख्खर (१९३४–२००३) पेशाने सनदी लेखापाल होते. त्यांच्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) या चित्रात सज्जात उभा असलेला नग्न पुरुष गावाकडे पाहतो आहे. गावात बाप, मुलगा आणि गाढव यांची सर्वपरिचित गोष्ट घडते आहे. लोकांना खूश करण्याचा नाद व्यर्थ, हा त्या गोष्टीचा बोध येथे समलैंगिक चित्रकाराच्या आत्मस्वीकाराशी जोडला जातो. ‘टू मेन इन बनारस’ (१९८२) मध्ये दोन नग्न पुरुष आलिंगनात आहेत आणि शेजारीच नित्याचे लोकजीवन चालू आहे. त्यांची शरीरे ग्रीक वीरांसारखी घोटीव नाहीत. प्रौढ मध्यमवर्गीय माणसाचा देह प्रेमास पात्र आहे, हे खख्खर यांनी ठामपणे मांडले. त्या काळी पुरुषांमधील असे संबंध कलम ३७७ खाली गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले ते २०१८ मध्ये, खख्खर यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी.

निष्कर्ष
नग्नता व अश्लीलता यांतील भेद आजही वारंवार सिद्ध करावा लागतो. २०२३ मध्ये सीमाशुल्क खात्याने सूझा व अकबर पदमसी यांच्या कलाकृती मुंबईत अडवून ठेवल्या; ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, असे स्पष्ट करून तो आदेश रद्द केला. गोमटेश्वरापुढे नतमस्तक होणारा समाज सूझांच्या आत्मचित्रापुढे अस्वस्थ होतो, याचे कारण केवळ वस्त्रांच्या अभावात शोधता येत नाही. विरक्त देह पाहणाऱ्यापासून दूर, उंचावर असतो. सूझा व खख्खर यांनी रंगविलेला देह मात्र त्याच्या स्वतःच्याच देहासारखा असतो.