हायवेवर ब्रेक दाबला की गाडी थरथरते? आधी हे तपासा

सोलापूरहून कुंभारीमार्गे अक्कलकोटला निघालात, 80 च्या स्पीडला ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग थरथरलं, तर लगेच ‘डिस्क वाकली’ असं ठरवू नका.

ब्रेक न दाबताही थरथर होत असेल, तर बहुतेक व्हील बॅलन्सिंग किंवा टायर बिघडलाय. फक्त ब्रेक दाबल्यावरच होत असेल, तर डिस्कवर संशय घ्या. स्टिअरिंग हललं तर आधी पुढचे ब्रेक बघा, सीट हलली तर मागचे.

डिस्क सहसा वाकत नाही, तिची जाडी कमी-जास्त होते. फरक मिलीमीटरच्या काही शतांशांचाच असतो. पण 80 ला चाक सेकंदाला साधारण 12 फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीत धक्का बसतो. म्हणूनच गल्लीत काही कळत नाही.

पंक्चर काढल्यानंतर थरथर सुरू झाली का, तेही आठवा. चाकाचे नट कमी-जास्त आवळले तरी असं होतं.

नुसते पॅड बदलू नका. मेकॅनिककडून डिस्क मोजून घ्या, मगच खर्च करा. मात्र ब्रेक पॅडल खोल जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती चालवूच नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा.