धूळपाटीपासून इंग्रजीच्या वर्गापर्यंत

माध्यमिक शाळेतील इंग्रजीचा वर्ग म्हटला की डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते: बाकांच्या रांगा, भिंतीवर फळा, पहिल्या बाकावर मॉनिटर आणि तास संपल्याची घंटा. ही व्यवस्था जणू विद्येबरोबरच जन्मास आली, असे आपण धरून चालतो. वस्तुतः तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे गिरण्यांच्या इतिहासाशी नाते सख्ख्या भावाचे आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शिक्षणशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. पण मुकादम कोठेही भेटला तरी आम्ही त्याला ओळखतो, आणि वर्गातला मॉनिटर आम्हांला पहिल्यापासूनच ओळखीचा वाटत आला आहे.

अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री १७८७ साली मद्रासेस आले. एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा त्यांच्या देखरेखीखाली आली. एकदा त्यांनी एका मलबारी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ती हीच. बेलसाहेबांना युक्ती पटली, पण हाताखालचे मास्तर ती मनावर घेईनात. तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या पोराला लहानांपुढे शिकवायला बसवले. पोर मास्तरांहून सरस ठरले! पुढे १७९७ साली बेलसाहेबांनी लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तक छापले. तिकडे १७९८ साली जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या बरो रोडवर याच धर्तीची शाळा काढली. एक लांब दालन, शेकडो मुले, एकच मास्तर, आणि मुलांच्या प्रत्येक टोळीमागे एक मॉनिटर. छडी नको म्हणणारे हे गृहस्थ दांडगट मुलाला टोपलीत घालून छताला टांगत, हेही सांगून ठेवले पाहिजे.

या पद्धतीची कीर्ती झाली ती विद्येपेक्षा स्वस्ताईमुळे. एका पगारात शेकडो मुले! आणि आपल्याच धूळपाटीवरून निघालेली ही पद्धत साहेबी शिक्का घेऊन परत आपल्याकडे आली. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबईत १८२२ साली शाळा व शालेय पुस्तके यांसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिने लँकेस्टरची रीत उचलली. जाताना तिच्यात एक मूल दुसऱ्या मुलाला शिकवीत होते. येताना एक मूल दुसऱ्या मुलावर पहारा करू लागले होते, असे आमचे मत आहे.

आता त्या वर्गात बसत कोण होते, हे पाहू. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास! घंटा दोघांनाही होती. एकाला शाळेची, दुसऱ्याला गिरणीची. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली घरीच रात्रीची शाळा चालवली ती अशा श्रमणाऱ्यांसाठी. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते. ती भाषा वरच्यांच्या हातातली किल्ली आहे हे त्यांनी जाणले, आणि सावित्रीबाईंनीही १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी मास्तरांच्या पगाराचा प्रश्न मांडला, तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. भुकेल्या मास्तराचा वर्ग रंगत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने शिक्षणावर बोलूच नये.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात पी. सी. रेन नावाचे अधिकारी होते. पुढे हेच कादंबरीकार म्हणून गाजले, आणि मार्टिन यांच्यासह त्यांनी लिहिलेले व्याकरण आजही मुलांच्या दप्तरात सापडते. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, मुलांना बोलते करावे, या मताचे ते पुरस्कर्ते होते. मत रास्त होते. पण हिशेब करून पाहा: तास पस्तीस मिनिटांचा, मुले सत्तर, मास्तरांनी स्वतः अवाक्षर काढले नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट! म्हणून वर्गातून भाषांतर काही गेले नाही. खच्चून भरलेल्या खोलीत तेवढेच शक्य होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला कोणी कितीही नावे ठेवोत, ज्याला वर्गच मिळाला नाही त्याला तिने घरबसल्या वर्ग दिला. आमचे इंग्रजी बरेचसे तिचेच आहे.

ना. म. जोशी हे कामगारांचे पुढारी होण्यापूर्वी शाळामास्तर होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापली. तिने मुंबईच्या कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालवली. १९२० साली आयटक उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. दिवसभर खपलेल्या माणसाला रात्री जागे ठेवायचे तर वर्ग कसा लावावा, हा प्रश्न रात्रशाळेला रोजच पडे; दिवसाच्या शाळेला तो टाळता येतो.

१९८२ च्या संपानंतर आम्हीही अशाच एका रात्रशाळेत बसलो. खोली दिवसा बालवर्गाची. बाकांत गुडघे मावत नसत. इंग्रजीच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात बाक भिंतीकडे सरकवले आणि आम्हांला सतरंजीवर समोरासमोर, जोडीजोडीने बसवले. वाचता येणारा न येणाऱ्याशेजारी. पण मॉनिटर कोणी नाही, आणि जोड्या दर आठवड्याला बदलायच्या. भिंतीला दोरी बांधून तिच्यावर आम्ही आणलेले इंग्रजी कागद लटकवलेले असत: विजेचे बिल, रेशनकार्डाचा अर्ज, औषधाची चिठ्ठी. पाठ्यपुस्तकाचा धडा दुसऱ्या अर्ध्या तासात, आधी दोरीवरचा एक कागद. एका रात्री वॉचमनचे काम करणाऱ्या आमच्या सोबत्याने आपली पगाराची पावती टांगली. ‘डिडक्शन’ या एका शब्दावर सारा तास गेला. कोणाचे किती कापतात, कशासाठी कापतात, हे ज्याने त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचे, असा मास्तरांचा नियम होता. धडा त्या दिवशी राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी दोरीवर अकरा पावत्या होत्या.