सांडपाण्याच्या घरगुती वाहिनीची कॅमेरा-तपासणी

संडास, न्हाणी आणि मोरीचे पाणी घराबाहेर नेणाऱ्या जमिनीखालच्या पाइपात लवचीक दांड्याच्या टोकाला बसवलेला कॅमेरा सरकवून आतली स्थिती पडद्यावर पाहण्याची आणि तिचे चित्रण ठेवण्याची पद्धत. घरमालक बहुधा लाइन तुंबल्यावर या तपासणीकडे वळतात. जुने घर विकत घेणाऱ्याने मात्र लाइन वाहती दिसत असतानाच ती करून घ्यावी, कारण घराचा हा भाग रंगरंगोटीखाली नव्हे, थेट मातीखाली झाकलेला असतो.

इथे ही तपासणी परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार असून तीत शहरी वस्तीचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास आहे. अशा जिल्ह्यात 'संडासची लाइन' म्हणजे बहुतेक ठिकाणी संडासापासून चेंबर, चेंबरपासून सेप्टिक टाकी आणि टाकीपासून शोषखड्डा एवढाच प्रवास. शोषखड्डा नसेल तर टाकीचे पाणी सरळ रस्त्याकडेच्या उघड्या नालीत जाते. तपासायचा पाइप त्यामुळे लांबीने आखूड असतो. पण तो कुठून गेला आहे हे घर बांधणाऱ्या मिस्त्रीखेरीज सहसा कोणालाच ठाऊक नसते, आणि मिस्त्री दुसऱ्या गावी गेला की नकाशाही त्याच्याबरोबर जातो. नगरपालिकेची भुयारी गटार जिथे दारावरून गेली असेल तिथे टाकीऐवजी गटारीच्या जोडापर्यंतचा पाइप पाहावा लागतो.

इथल्या बिघाडांचे मोठे कारण जमीन आहे. बेसाल्ट झिजून झालेली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. या हालचालीत पाइपाचे जोड सरकतात, कुठे पाइप खचतो. मुरुमाचा थर न देता नुसत्या काळ्या मातीत पुरलेली लाइन काही वर्षांतच बसण्याचा धोका असतो. जुन्या घरांत चिनीमातीचे किंवा सिमेंटचे पाइप सापडतात. त्यांच्या सिमेंटने भरलेल्या जोडांना चीर पडली की झाडाची मुळे आत शिरतात. पीव्हीसी पाइपाचा जोड रबरी कडी नीट बसलेली असेल तर पुष्कळ टिकतो. मात्र इमारतीतल्या उभ्या लाइनीसाठीचा पाइप (भारतीय मानक १३५९२) आणि जमिनीत पुरण्यासाठीचा पाइप (मानक १५३२८) हे दोन वेगळे माल आहेत. पहिला स्वस्तात मिळतो म्हणून तोच अंगणात पुरला, तर त्यावरून ट्रॅक्टर किंवा वाळूची गाडी गेली की तो चपटा होतो.

घरगुती कामासाठी वापरतात तो कॅमेरा बोटाच्या जाडीचा असतो. काचेभोवती छोट्या दिव्यांचे कडे, मागे वळणातून वाट काढणारी स्प्रिंग आणि तिच्यामागे फायबरचा ताठ पण वाकणारा दांडा. दांडा किती आत गेला याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात मीटरमध्ये येतो. चांगल्या उपकरणात कॅमेऱ्याजवळ ५१२ हर्ट्झचा एक लहान प्रक्षेपक असतो. वर अंगणात ग्राही यंत्र फिरवले की खाली कॅमेरा कुठे आणि किती खोल आहे ते समजते, आणि फरशीवर खडूने खूण करता येते. चाकांवर धावणारे यंत्र मोठ्या गटारींसाठी असते. मुंबई-पुण्याच्या महापालिका तसे कॅमेरे वापरतात. चार इंची घरगुती पाइपात त्याचे काम नाही.

कॅमेरा चेंबरमधून सोडतात. संडासाच्या भांड्याखालच्या ट्रॅपच्या वळणातून तो सहसा जात नाही, आणि बळ केले तर दांडा मोडतो. चेंबर नसेल तर उभ्या पाइपाच्या डोअर बेंडचे झाकण उघडावे लागते. आधी लाइन पाण्याने धुऊन घेणे आवश्यक असते. मैला साचलेल्या पाइपात काचेवर राड बसून पडदा नुसता तपकिरी होतो आणि तपासणीच्या नावाखाली काहीच हाती लागत नाही. दांडा आत नेताना घाई होते, म्हणून खरे निरीक्षण तो हळूहळू मागे ओढताना करावे.

पडद्यावर काय दिसते ते घरमालकाने स्वतः उभे राहून पाहणे चांगले. निरोगी पाइपात तळाशी पाण्याची बारीक धार आणि वर कोरडी भिंत असते. धार रुंदावत जाऊन अर्धा पाइप भरला आणि पुढे पाणी पुन्हा उतरले, तर तेवढ्या टप्प्यात पाइप खचला आहे. चार इंची लाइनीला साधारण ४० ते ६० फुटांमागे एक फूट उतार लागतो. तो मधेच उलटला की मैला तिथे थांबतो आणि पाणी एकटे पुढे जाते. मुळे प्रथम जोडाच्या फटीतून केसांसारखी लोंबतात, मग त्यांचा झुपका होतो. त्यात अडकलेली चिंधी किंवा प्लास्टिकची पिशवी दिसली की तुंबण्याचे कारण निराळे शोधावे लागत नाही. मोरीच्या लाइनीत तेलकटाचा पांढुरका थर असतो. जोडाच्या जागी काळी पोकळी दिसणे सर्वांत गंभीर, कारण तिथून सांडपाणी मातीत मुरत असते, आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर तो धोका घरच्या पिण्याच्या पाण्याला आहे. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानक संहितेत (२४७०) शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर ठेवायला सांगितले आहे. छोट्या प्लॉटवर हे अंतर मिळत नाही, म्हणूनच गळका जोड तिथे अधिक घातक ठरतो.

कॅमेऱ्याला टाकीतले कळत नाही. तिथे गाळ मोजायला लांब काठी पुरते. गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की उपसा करावा. दोन ते तीन वर्षांनी उपसा हा सर्वसाधारण दंडक आहे. वाई नगरपालिकेने २०१८ पासून घरोघरच्या टाक्यांचा तीन वर्षांच्या फेरीने नियोजित उपसा सुरू केला. लहान शहरांनी तो नमुना अवश्य अभ्यासावा. टाकीत माणूस कोणत्याही कारणाने उतरवू नये. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू आधी वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे धोका नाकाला कळत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करवून घेणे हा गुन्हा ठरवला असून पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. गटारसफाईतील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. कॅमेऱ्याचे सगळ्यात मोठे मोल इथेच आहे: अडथळा नेमका कुठे आहे हे वरून कळले तर 'आत उतरून बघ' असे कोणाला सांगावे लागत नाही.

काही प्रश्नांना कॅमेरा लागतही नाही. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात मधल्या चेंबरचे झाकण उचलले की कोणता खड्डा चालू आहे ते दिसते. टाकीचे पाणी शोषखड्ड्यात जाते की चोरून नालीत सोडले आहे, हे पाहायला संडासात नीळ कालवलेले पाणी ओतावे आणि नालीवर लक्ष ठेवावे. निव्वळ काळ्या मातीत खणलेला शोषखड्डा भर पावसात पाणी घेत नाही, तो खाली मुरुमापर्यंत गेलेला हवा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या आणि डास घालवले. मात्र तो नमुना न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी आहे, त्याला संडासाची लाइन जोडू नये.

अमेरिकेत जुने घर घेताना ही तपासणी सौद्याचा नेहमीचा भाग असते. घरापासून सार्वजनिक गटारीपर्यंतचा पाइप तिथे बहुतेक गावांत मालकाच्याच माथी असतो, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घरखरेदीत ही तपासणी ओळखीची होते. आपल्याकडे इसार देण्यापूर्वी सातबारा, मालमत्ता पत्रक आणि बोजा पाहतात, पाइप पाहत नाहीत. वास्तविक, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने कळू शकत नाही असा ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करायचा असतो. विरुद्ध करार नसेल तर हे बंधन लागू राहते. रेरा लागू असलेल्या नव्या प्रकल्पात ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवला तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा आहे. दोन्ही ठिकाणी तारखेसह चित्रण हा उपयोगी पुरावा ठरतो, म्हणून तपासणाऱ्याच्या तोंडी अभिप्रायावर न थांबता पूर्ण फाइल मागून घ्यावी. सोबत चेंबर, वळणे, टाकी आणि शोषखड्डा यांची भिंतीपासूनची अंतरे लिहिलेला हाताने काढलेला नकाशा असावा. दुरुस्तीनंतर खड्डा बुजवण्यापूर्वी त्याच भागातून कॅमेरा पुन्हा फिरवून घ्यावा; नवा जोड उताराला बसला की नाही, हे माती पडल्यावर पाहता येत नाही.