फोनवरच्या लिबरऑफिसची कुळकथा

उबुंटू टच ही मोबाइल प्रणाली चालणाऱ्या फोनला किंवा टॅबलेटला कीबोर्ड जोडून त्यावर लिबरऑफिस रायटर उघडता येतं. संगणकावर असतं तेच रायटर, काटछाट केलेली आवृत्ती नव्हे. मात्र ते फोनच्या मूळ प्रणालीत बसवलेलं नसतं. फोनच्या पोटात एक वेगळी, आटोपशीर उबुंटू असते आणि रायटर तिच्यात राहतं. या आतल्या उबुंटूला कंटेनर म्हणतात आणि ती उभी करणाऱ्या साधनाचं नाव लिबर्टीन. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीत जन्मलेल्या या साधनाचं कुळ शोधत गेलं, तर माग थेट १९७९ सालच्या बेल लॅब्जपर्यंत जातो.

त्या साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यात सीएचरूट नावाची सोय होती. तिचं काम एवढंच, की एखाद्या प्रोग्रामला सांगायचं, ‘ही डिरेक्टरी म्हणजेच तुझं मूळ.’ मग त्याच्यासाठी फायलींचा सगळा पसारा तिथूनच सुरू होतो. पुढे २००० साली फ्रीबीएसडी ४.० मध्ये पॉल-हेनिंग काम्प यांचं ‘जेल’ आलं. त्याने फायलींबरोबर प्रोसेस आणि नेटवर्कलाही कुंपण घातलं. लिनक्समध्ये २००२ पासून प्रोग्रामांना एकमेकांपासून वेगळं ठेवणाऱ्या नेमस्पेस टप्प्याटप्प्याने आल्या, २००८ मध्ये मेमरी-प्रोसेसरचा वाटा ठरवून देणारे सीग्रूप आले आणि त्याच वर्षी या दोन्हींच्या आधारावर एलएक्ससी हे कंटेनरचं साधन तयार झालं. ही सगळी धडपड मुख्यतः सर्व्हरसाठी चालली होती.

हे तंत्र खिशातल्या यंत्रावर रुजवलं ते हौशी वापरकर्त्यांनी. नोकियाचा एन९०० हा फोन २००९ मध्ये आला. साडेतीन इंचांचा पडदा, २५६ एमबी रॅम आणि मुळात डेबियनवर बेतलेली मीमो प्रणाली. नोकियाच्या या घराण्यातल्या यंत्रांसाठी ‘ईझी डेबियन’ निघालं. आख्खं डेबियन एका मोठ्या फायलीत भरायचं, ती फाइल जोडून घ्यायची आणि सीएचरूटने आत शिरायचं. ओपनऑफिस आणि गिम्प त्या एवढ्याशा पडद्यावर उघडायचे. आभासी यंत्र चालवायचं तर दुसरं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सुरू करावं लागतं, आणि तेवढी रॅम होती कुठे? सीएचरूटमध्ये आतला प्रोग्राम फोनचंच कर्नल वापरतो. कंटेनर फोनला परवडला तो या एका कारणामुळे.

२०१३ मध्ये कॅनॉनिकलने उबुंटू टच जाहीर केलं. सुरुवातीला अँड्रॉइडच्या आत सीएचरूटमध्ये उबुंटू चालायची. त्याच वर्षी ही मांडणी उलटवली गेली. उबुंटू यजमान झाली आणि हार्डवेअर सांभाळणारे अँड्रॉइडचे भाग एलएक्ससी कंटेनरमध्ये गेले. मॉनिटर जोडला की संगणक होणारा ‘उबुंटू एज’ हा फोन काढण्यासाठी कंपनीने लोकांकडून ३.२ कोटी डॉलर मागितले. जमले सुमारे १.२८ कोटी, आणि फोन कधी निघालाच नाही. फोनचाच संगणक करण्याची कल्पना मात्र कंपनीने सोडली नाही.

अडचण वेगळीच होती. उबुंटू टचची मूळ प्रणाली फक्त वाचता येते. अपडेट येतो तो संपूर्ण प्रणालीवर. डेस्कटॉपचे प्रोग्राम मात्र डेब पॅकेजमधून येतात, प्रणालीच्या फोल्डरात फायली लिहितात आणि पडद्यावर दिसण्यासाठी एक्स११ मागतात. फोनवर पडदा सांभाळायला त्याऐवजी होतं मिर. हे दोन प्रकार एकत्र नांदावेत म्हणून लिबर्टीन लिहिलं गेलं. २०१६ च्या बीक्यू अ‍ॅक्वारिस एम१० टॅबलेटवर लिबरऑफिस, गिम्प आणि फायरफॉक्स अशाच कंटेनरमध्ये बसवलेले होते.

लिबर्टीनची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. नवा कंटेनर बनवायला सांगितलं, की लिबर्टीन मोजकी पॅकेजेस उतरवून घेतं आणि ‘फॅब्लेट’ या फोनवरच्या ठरलेल्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या जागी छोटी उबुंटू उभारतं. ती वापरकर्त्याच्या हद्दीत असल्याने प्रणालीचा अपडेट तिला हात लावत नाही, आणि ती पुसून टाकली तरी फोनचं काही बिघडत नाही. कागदपत्रं, चित्रं, संगीत यांचे फोल्डर आतबाहेर सामायिक असतात. एक्स११ मध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरं टिपता येतात. म्हणून प्रत्येक प्रोग्रामला एक्समिर नावाचा स्वतंत्र एक्स सर्व्हर दिला गेला.

फोनची कर्नलं अँड्रॉइडसाठी बनलेली, जुनी. एलएक्ससीला लागणाऱ्या सोयी त्यांच्यात पुष्कळदा नसत. तिथे लिबर्टीनने सीएचरूटचाच पर्याय ठेवला. सदतीस वर्षांपूर्वीची युक्ती नव्या टॅबलेटवर कामी आली.

मराठी लिहिणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंटेनरला फोनचे फाँट मिळतीलच असं नाही. रायटरमध्ये मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसले, तर ‘फाँट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज कंटेनरच्या आत बसवायचं.  शिवाय कंटेनरमध्ये एआरएम प्रोसेसरसाठी बांधलेली पॅकेजेसच चालतात.

५ एप्रिल २०१७ रोजी कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी फोनचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. यूबीपोर्ट्स या स्वयंसेवकांच्या गटाने उबुंटू टच आपल्याकडे घेतलं आणि त्याबरोबर लिबर्टीनही. अशीच वाट धरून सॅमसंगने २०१८ मध्ये, फोनचा संगणक करणाऱ्या आपल्या डेक्स या सोयीसाठी, ‘लिनक्स ऑन डेक्स’ची चाचणी आवृत्ती आणली. तिच्यातही कंटेनरमध्ये उबुंटू चालायची. पुढच्याच वर्षी कंपनीने ती गुंडाळली आणि तो विषय तिथेच संपला.

लिबर्टीन वाचलं, कारण त्याचा कोड खुला होता आणि कंपनी निघून गेल्यावर तो पुढे न्यायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. तुम्हाला हे करून पाहायचं असेल, तर आधी आपलं यंत्र यूबीपोर्ट्सच्या यादीत आहे का ते तपासा, सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवा आणि मगच हात घाला. रोजच्या कामाचं साधन निवडताना मात्र एवढं नक्की पाहा: बनवणारा उद्या थांबला, तर ते दुसऱ्या कोणाला चालू ठेवता येईल का?